ग्रॅमोद्योग

माझ्या लहानपणी सायकलचं वजन विचारणारा माणूस एकच असायचा, तो म्हणजे भंगारवाला. बाकीच्यांचे प्रश्न ठरलेले : डबलसीट सोडतोस का, हवा आहे का, कुलूप लावलंय का. वीस-बावीस किलोच्या काळ्या सायकलीला दोन्ही बाजूंनी दुधाचे कॅन अडकवून माणसं खडकवासल्याकडून पुण्यात रतीब घालायला यायची. त्यातल्या एकालाही आपली सायकल जड आहे असं वाटल्याचं ऐकिवात नाही. जड असायचं ते दूध.

आता रविवारी पहाटे चांदणी चौकात उभं राहून बघा. हेल्मेटवाली मंडळी जमतात आणि नमस्कार-चमत्कार करण्याऐवजी एकमेकांच्या सायकली दोन बोटांनी उचलून पाहतात.

"किती?"

"तेरा सातशे."

"पेडल धरून?"

इथे समोरचा ओशाळतो. सायकलचं वजन पेडल सोडून सांगायची जगभर रीत आहे. पेडल काढून सायकल चालवता येत नाही, हा मुद्दा कुणी काढत नाही.

माझी सायकल माउंटन बाइक या जातीची. डोंगर चढण्यासाठी जन्मलेली आणि आयुष्य कर्वे रस्त्यावरच्या सिग्नलला काढणारी. तिचा डोंगराशी संबंध येतो तो वेताळ टेकडीवर, आणि तिथेही चढ लागला की मी खाली उतरून तिला ढकलतो. ढकलायचीच असेल तर ती निदान हलकी असावी, हा विचार माझ्या डोक्यात घातला ग्रॅमकाकांनी.

ग्रॅमकाका हे त्यांचं पाळण्यातलं नाव नव्हे. ते निवृत्त हिशेबतपासनीस. नोकरीत असताना दुसऱ्यांच्या खर्चातले रुपये कापायचे, आता स्वतःच्या सायकलीतले ग्रॅम कापतात. त्यांनी टायरच्या व्हॉल्व्हवरच्या टोप्या काढून टाकल्या आहेत, फ्रेमवरची स्टिकरं खरवडली आहेत आणि पाण्याची बाटली ते निम्मीच भरतात. उरलेलं पाणी माझ्या बाटलीतलं पितात.

"सायकल तोललीयत का कधी?" त्यांनी मला विचारलं. लग्न ठरवताना पत्रिका पाहिली होती का, असं विचारावं तशा आवाजात.

घरी येऊन तोलली. पद्धत सोपी असते : आधी सायकल उचलून वजनकाट्यावर उभं राहायचं, मग सायकल खाली ठेवून उभं राहायचं आणि वजाबाकी करायची. उभं राहिल्यावर पोट आडवं येत असल्याने काट्यावरचा आकडा मला दिसत नाही. तो वाचायला बायकोला बोलावलं.

"एकशे सहा."

"थांब, सायकल ठेवतो. आता?"

"ब्याण्णव."

"म्हणजे चौदा. जड आहे गं."

"हो ना," काट्यावरची नजर न काढता ती म्हणाली. "सायकल त्या मानाने बरी आहे."

'आधी पोट कमी करा' हा सल्ला सायकलवाल्याला फुकट मिळतो, तेव्हा तो इथेच निकालात काढतो. पोट कमी करायला महिनोन्महिने मन मारावं लागतं. त्यावर दिवाळीची सूट नसते, हप्ते पाडून मिळत नाहीत, ते खोक्यातून घरी येत नाही. शिवाय कमी केलेलं पोट लग्नसराईत दोन पंगतींत भरून निघतं. कार्बनचं हँडल मात्र तुम्ही श्रीखंड कितीही खा, तेवढंच राहतं.

या छंदाचा व्यवहार सराफकट्ट्याच्या बरोबर उलटा चालतो. लक्ष्मी रोडवर पैसे मोजले की ग्रॅम मिळतात. इथे पैसे मोजले की ग्रॅम जातात, आणि जितके जास्त जातील तितकं गिऱ्हाईक खूश. मागच्या चाकावर जी दात्यांची उतरंड असते, कॅसेट म्हणतात तिला, तिचंच उदाहरण घ्या. शिमानो कंपनीच्या बारा गियरच्या कॅसेटमध्ये लहान चकतीला दहा दाते, मोठीला एक्कावन्न. डिओर घ्या, एसएलएक्स घ्या, एक्सटी घ्या नाहीतर एक्सटीआर, दाते तेवढेच. वजनं मात्र अनुक्रमे ५९३, ५३४, ४७० आणि ३६७ ग्रॅम. खालच्या आणि वरच्या पायरीत फरक २२६ ग्रॅमचा, म्हणजे पावशेरालाही थोडा कमीच. या पावशेरासाठी किती रुपये पडतात ते मी बायकोला सांगितलेलं नाही, त्यामुळे इथेही लिहीत नाही. ती माझे लेख वाचते.

मी रीतसर एक्सेल शीट केली. रकाने पाच : भाग, जुनं वजन, नवं वजन, फरक, किंमत. चहाचा कप ठेवायला आलेल्या बायकोने ती वाचली आणि माऊस हातात घेऊन सहावा रकाना घातला. त्याचं शीर्षक तिने लिहिलं, 'का?'

त्या रकान्यात भरण्यासाठी मी गणित मांडलं. सिंहगडचा डांबरी रस्ता पायथ्यापासून वर जायला मला सव्वा तास लागतो. मी आणि सायकल मिळून १०६ किलो. त्यातला अर्धा किलो कमी केला तर चढायला लागणारा वेळही साधारण तेवढ्याच प्रमाणात कमी होणार, म्हणजे वीस सेकंद. वर गेल्यावर मटक्यातल्या दह्यासाठी आणि कांदाभजीसाठी आम्ही किती वेळ थांबतो, हे गणितात धरलेलं नाही.

"वीस सेकंद?" ग्रॅमकाका दुखावले. "अहो, चाकावरचं वजन दुप्पट मोजायचं असतं! फिरणारं वजन आहे ते!"

मी म्हटलं, ते वेग वाढवताना. एका गतीने चढ चढताना चाकावरचा ग्रॅम आणि खिशातला ग्रॅम सारखाच. काका माझ्याकडे बघत राहिले आणि मग आवाज उतरवून म्हणाले, "खिशात काय काय ठेवता तुम्ही?"

पहिल्यांदा ब्रेक बदलायचे ठरले. माझ्या सायकलला तारेचे डिस्कब्रेक होते. ते दाबल्यावर सायकल थांबे, पण कुठे थांबायचं हे तिचं ती ठरवी. नवे घ्यायचे तर तेलावर चालणारे, हायड्रॉलिक. तिथे कळलं की ब्रेकच्या जगात दोन पंथ आहेत, एक मिनरल ऑइलवाल्यांचा आणि दुसरा डॉट फ्लुइडवाल्यांचा. डॉट हवेतली ओल शोषून घेतं आणि रंगावर सांडलं तर रंग उतरवतं. मिनरल ऑइल त्या मानाने सोज्वळ. एकाचं तेल दुसऱ्याच्या ब्रेकमध्ये घातलं की आतली रबरी सीलं फुगतात आणि ब्रेक बाद होतो. शिमानोचं तेल लालसर, मगुराचं निळं, आणि त्या निळ्या तेलाचं नाव 'रॉयल ब्लड'. आपल्याकडे सोयरीक जुळवतानाही रक्ताची एवढी चौकशी होत नाही.

दुकानातल्या पोराने विचारलं, "काका, रोटर १६० चा देऊ की १८० चा?"

"हलका कुठला?"

"१६०. वीस-तीस ग्रॅमचा फरक आहे."

"मग तोच."

पोराने एकदा रोटरकडे आणि एकदा माझ्याकडे पाहिलं. "वजन किती, काका?"

"चौदा."

"सायकलचं नाही."

घरी येऊन हिशेब केला आणि पोराबद्दल आदर वाढला. सिंहगडचा उतार साधारण साडेपाचशे मीटरचा. १०६ किलोचा ऐवज एवढा खाली उतरला की सुमारे ५७० किलोज्यूल ऊर्जा कुठेतरी मुरावी लागते. थोडी वारा खातो आणि बाकीची सगळी रोटरच्या त्या दोन पातळ चकत्या तापवण्यात जाते. तेवढ्या उष्णतेत दीड लिटर पाण्याला सहज उकळी फुटेल. दर उताराला मी माझ्या रोटरवर दहा-बारा माणसांचा चहा टाकत होतो. आणि मी निघालो होतो पातेलं लहान करायला! पुढचा १८० चा घेतला. काकांना सांगितलं, दुकानात १६० चा नव्हता.

ब्रेक बसवून झाले तरी ते लगेच धरत नाहीत. नव्या पॅडचा थर चकतीवर चढावा लागतो. त्यासाठी वेग घ्यायचा, ब्रेक दाबून जवळजवळ थांबायचं पण चाक जाम होऊ द्यायचं नाही, आणि पुन्हा वेग घ्यायचा. असं वीस-एक वेळा. याला मोकळा रस्ता लागतो. तो मला मिळाला सोसायटीच्या आवारात, रात्री जेवणं झाल्यावर.

मी गेटपासून जोरात यायचो, बी विंगपाशी करकचून ब्रेक दाबायचो आणि उतरता उतरता पुन्हा पेडल मारून गेटकडे जायचो. थोड्याच वेळात दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीत पहिलं कुटुंब आलं. मग तिसऱ्या. शतपावलीला निघालेले चेअरमन पार्किंगच्या खांबाआड उभे राहिले.

"काही हरवलंय का?"

"नाही, ब्रेक बसवतोय."

"पण मग तुम्ही दर वेळी थांबताय की."

"पूर्ण नाही थांबायचं. थांबल्यासारखं करायचं."

चेअरमननी मान डोलावली, खिशातून फोन काढला आणि आमच्या घरी लावला. "वहिनी, साहेब खाली आहेत. तसं काळजीचं काही नाही. पण तुम्ही एकदा या."

ब्रेक धरू लागले, पण वाजायलाही लागले. हायड्रॉलिक ब्रेकचा आवाज ज्याने ऐकला असेल त्याला मी वर्णन करायला नको, आणि ज्याने ऐकला नसेल त्याला करून उपयोग नाही. मी परमहंसनगरच्या उताराला ब्रेक दाबला की कोथरूड डेपोची कुत्री जागी व्हायची. काकांचं निदान, रोटर काटकोनात नाही. दुकानातल्या पोराचं निदान, पॅड मेटलचे आहेत, रेझिनचे लावा. या दोघांचं एकमत होईपर्यंत आमच्या वॉचमनने प्रश्न सोडवून टाकला.

सकाळी मी खाली उतरलो तर तो सायकलशेजारी उभा. चेहऱ्यावर पुण्य केल्याचं समाधान.

"साहेब, लई वाजत हुतं ना? रातच्याला त्याल मारलं. आता बगा."

दोन्ही चकत्या लखलखत होत्या. त्यावरून खोबरेल तेलाचे ओघळ पॅडपर्यंत व्यवस्थित पोचले होते. आवाज खरोखरच थांबला होता. ब्रेकही थांबला होता. एवढी शांत सायकल मी आयुष्यात चालवली नाही आणि एवढ्या शांतपणे समोरच्या पाण्याच्या टँकरकडे कधी गेलोही नाही. पाय टेकवून वाचलो. सँडलचा तळवा हा माझा या लेखातला सर्वांत हलका आणि सर्वांत भरवशाचा ब्रेक.

वॉचमनला काय बोलणार? त्याने तेल स्वतःच्या बाटलीतलं वापरलं होतं.

डिस्कब्रेकच्या पॅडला तेल लागलं की ते शोषून घेतं आणि मग काही केल्या सोडत नाही. चकती आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसली, निघाली. पॅड सँडपेपरवर घासले, नाही निघालं. मग काकांनी रामबाण उपाय सांगितला : पॅड तापवायचे, तेल जळून जातं. भाजायचे कशावर हे त्यांनी सांगितलं नव्हतं. आमच्या घरात तापवण्याच्या कामाची एकच वस्तू गॅसवर कायम असते.

रविवारची दुपार, बायको वामकुक्षीत. मी पोळ्यांचा तवा ठेवला आणि नखाएवढी चार पॅड चिमट्याने ओळीत मांडली. आधी तेलाचे बारीक बुडबुडे आले. मग निळसर धूर. मग वास. त्यात खोबरं होतं, जळकी लोकर होती आणि ब्रेक फेल झालेल्या एसटीची आठवण होती. एका पॅडचा थर तव्याला चिकटला आणि मागची पत्र्याची पट्टी तेवढी चिमट्यात आली. त्याच वेळी स्वयंपाकघराच्या दारात बायको उभी.

"काय करताय?"

"पॅड भाजतोय."

"बरं," ती म्हणाली. तिने गॅस बंद केला, खिडकी उघडली, तवा चिमट्यानेच उचलून माझ्या हातात दिला. "हा आता तुमचा. याचं वजन तुमच्या त्या तक्त्यात घाला."

नवा तवा बिडाचा आला. पावणेदोन किलो. घरात एकूण वजन वाढलं.

ब्रेकनंतर गियर. माझे गियर पुढे तीन आणि मागे आठ, म्हणजे एकूण चोवीस, त्यातले मी वापरत होतो साधारण चार. हल्ली पुढच्या तीन चकत्या ठेवणं हे मागासलेपणाचं लक्षण समजतात. श्रॅम कंपनीने २०१२ साली पुढे एकच चकती आणि मागे अकरा असा एक्सएक्सवन संच आणला, २०१६ साली ईगल नावाने मागे बारा केल्या आणि चेन सरकवणारा पुढचा डिरेलर, त्याची तार, डाव्या हाताचा शिफ्टर एवढा सगळा संसार मोडीत निघाला. वजन कमी, कटकट कमी. मलाही तेच हवं होतं. मागची कॅसेट बदलायची, बस. एक वस्तू.

पोराने मागचं चाक फिरवून पाहिलं. मी एक्सटीचा उल्लेख केल्यापासून तो मला 'सर' म्हणत होता.

"सर, ही कॅसेट तुमच्या फ्रीहबवर नाही बसणार. दहा दात्यांची चकती जुन्या फ्रीहबवर मावतच नाही. शिमानोला मायक्रो स्प्लाइन लागतो, श्रॅमला एक्सडी."

"मग तो फ्रीहब टाक."

"तो तुमच्या हबला मिळत नाही. हब बदलावा लागेल."

"बदल."

"हब बदलायचा तर आऱ्या काढून चाक पुन्हा विणायचं. त्यापेक्षा चाकच घ्या, सर."

"दे चाक."

"चांगली चाकं आता १४८ मिलिमीटरच्या थ्रू-ॲक्सलवर येतात. तुमच्या फ्रेमला १३५ ची क्विक रिलीज आहे."

मी काही बोललो नाही. त्यालाच वाईट वाटलं असावं.

"सर, सीटपोस्ट राहील तुमची."

चकतीसाठी फ्रीहब, फ्रीहबसाठी हब, हबसाठी चाक, चाकासाठी फ्रेम. कॅसेट आणायला आलेला मी सीटपोस्ट वाचवून परत निघालो होतो. तेवढ्यात त्याने कपाटातून एक खोकं काढलं. अकरा दात्यांपासून सुरू होणारी, जुन्या फ्रीहबवर बसणारी एनएक्स ईगल. "ही बसेल," तो म्हणाला. मी आधी खोकं हातावर तोललं. सहाशे पंधरा ग्रॅम. माझ्या जुन्या आठ चकत्यांपेक्षा चांगलीच जड.

"हलकं करायला आलो होतो रे मी."

"काका," तो म्हणाला, आणि त्या एका शब्दात माझी पत खाली आली, "पुढचं सगळं निघेल ना. गोळाबेरीज करा."

गोळाबेरीज केली. पुढच्या दोन चकत्या, डिरेलर, शिफ्टर आणि तारा वजा जाता हिशेब नफ्यातच होता. घेतली. खरं सांगायचं तर फार छान चालते. टेकडीच्या ज्या चढाला मी उतरून ढकलत होतो तिथे आता बसून चढतो. पन्नास दात्यांवर पेडल गरागरा फिरतं आणि सायकल मुंगीच्या पावलांनी पुढे सरकते. शेजारून चालणाऱ्या आजी माझ्याशी बोलत बोलत वर येतात आणि मारुतीपाशी पुढे निघून जातात.

आता एवढा ऐवज बसवलेली सायकल कुठेही लावून जाता येईना. पूर्वी मी ती मंडईत नुसती भिंतीला टेकवायचो. आता कुलूप हवं, आणि वायरचं कुलूप चोर कात्रीने कापतात म्हणे, म्हणून साखळीचं घेतलं. दीड किलो. नवी चेन तुटली तर जोडायला चेनटूल, पंक्चरला पंप आणि जादा ट्यूब, डिरेलरचा हँगर वाकला तर जादा हँगर. हे सगळं ठेवायला सीटखाली पिशवी. पावसात महागड्या गियरवर चिखल उडू नये म्हणून मडगार्ड. एक्सेल शीटमध्ये हे घालायला रकानाच नव्हता, त्यामुळे माझी सायकल कागदावर अजूनही बारा किलो सहाशेच आहे.

पेडल सोडून.

काकांचं पुढचं पाऊल टायटॅनियमचं आहे. रोटर चाकाला सहा बोल्टांनी बसतो, दोन्ही चाकांचे मिळून बारा. ते पोलादाऐवजी टायटॅनियमचे केले तर सगळे मिळून दहा-एक ग्रॅम वाचतात. काकांनी ते परदेशातल्या भाच्याकरवी मागवले. भाच्याला वाटलं मामाच्या गुडघ्यात बसवायचे आहेत. त्याने बिलाबरोबर तब्येतीची चौकशी करणारं चार ओळींचं पत्रही धाडलं.

"आता बरीच हलकी झाली असेल नाही तुमची सायकल?" परवा बायकोने विचारलं. इतक्या गोड आवाजात ती सायकलबद्दल कधी बोलत नाही, तेव्हाच मला कळायला हवं होतं. "मग दळण तेवढं टाकून या ना. लिफ्ट बंद आहे, आणि गाडीला पार्किंग मिळत नाही गिरणीपाशी."

गव्हाचा डबा हँडलला लटकवून मी गिरणीत पोचलो. दारात काकांची कार्बनची सायकल उभी होती, हँडलला पिठाने माखलेली कापडी पिशवी. आत पिठाच्या धुक्यात काका ज्वारीच्या रांगेत उभे होते. क्षणभर दोघांनीही ओळख दाखवली नाही.

गिरणीवाल्याने माझा डबा काट्यावर ठेवला.

"साडेसात."

ग्रॅमकाका रांग सोडून पुढे आले. वाकून त्यांनी काट्यावरचा आकडा नीट पाहिला, बोटाच्या पेराने डब्यावर टिचकी मारली, कान लावून आवाज ऐकला आणि माझ्याकडे वळले.

"स्टीलचा का वापरता? ॲल्युमिनियमचा घ्या. निदान चारशे ग्रॅम वाचतील."